सपाट वऱ्हाडात रंगवण्यासारखं काय आहे?
निसर्गचित्राविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोला-अमरावतीकडच्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितलं, की बहुतेक कागदांवर एकच देखावा उतरतो. दोन टोकदार डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, तिथूनच निघून कागदाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. अकोल्याच्या मुलाने हा देखावा कधी पाहिलेला नसतो. त्याच्या गावाहून सातपुडा उत्तरेला दिसतो आणि उत्तरेला सूर्य उगवत नाही. त्याचा सूर्य तुरीच्या वावरापलीकडून, जमिनीच्या सरळ रेषेतून वर येतो. नारळाऐवजी त्याच्या धुऱ्यावर बाभूळ आणि निंब असतात.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या कागदावर मोठ्यांचे समज उतरलेले असतात. पालकांचे, प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांचे, कधीकधी चित्रकला शिकवणाऱ्यांचेसुद्धा. निसर्गचित्र म्हणजे काय, ते कुठून आलं, कशाचं काढायचं आणि कशाचं नाही, याविषयी आपल्याकडे काही गोष्टी न तपासता पुढे चालत आल्या आहेत. त्यांच्यामुळे वऱ्हाडासारखा मोठा प्रदेश चित्रांत फार कमी आला, असं माझं मत आहे. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज : निसर्गचित्र इंग्रजांनी आणलं. त्याआधी आपल्याकडे निसर्ग रंगवतच नव्हते.

यातलं अर्धं खरं आहे. एका जागी उभं राहून समोर दिसणारा मुलूख, माणसांच्या गोष्टीचा आधार न घेता, एका चौकटीत बसवायचा हा प्रकार आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीय चित्रकारांबरोबर आला. पण म्हणून निसर्ग रंगवण्याची परंपरा नव्हती असं म्हणणं चुकीचं आहे, आणि वऱ्हाडच्या माणसाने तर ते मुळीच म्हणू नये.

वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचं, वत्सगुल्माचं, आजचं नाव. 1998 साली वेगळा जिल्हा होईपर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची बरीचशी महायान लेणी खोदली आणि रंगवली गेली. सोळाव्या क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिल्याचं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या भित्तिचित्रांपैकी काहींना वऱ्हाडातल्या राजसत्तेचा आश्रय होता. आपण अजिंठा संभाजीनगरच्या सहलीत पाहतो आणि वाशीमची आठवणही काढत नाही, याची मला खंत वाटते.

आता ती चित्रं जरा वेगळ्या नजरेने पाहा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या मागे कोनेदार, पेट्या रचल्यासारखे खडक आहेत, त्यांत माकडं आहेत, मोर आहेत, झाडांची दाट पानं आहेत. सतराव्या लेण्यातल्या छद्दंत जातकात हत्तींचा कळप, कमळांचं तळं आणि रान यांशिवाय गोष्टच सांगता येत नाही. तिथला चित्रकार पान वडाचं की आंब्याचं हे ओळखू येईल इतक्या काळजीने काढतो. तिथे नाही ते एकच : क्षितिज. दूरची जमीन आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ त्याला नको होती, कारण त्याची गोष्ट भिंतभर फिरते आणि पाहणाराही तिच्याबरोबर फिरतो.

अजिंठ्याच्या कितीतरी आधीची चित्रं अमरावती जिल्ह्याला लागून आहेत. 2007 मध्ये अमरावतीच्या निसर्गअभ्यासकांच्या एका गटाला सातपुड्यात, सीमेपलीकडच्या बैतूल जिल्ह्यातल्या धारूळच्या परिसरात, चित्रं असलेले शैलाश्रय सापडले. जगभरच्या शैलचित्रांप्रमाणे तिथेही भर प्राण्यांवर आणि माणसांवर आहे. निसर्गात राहणाऱ्या माणसाला निसर्गाचा देखावा काढावासा वाटला नाही, हे मला नेहमी विचार करायला लावतं. देखावा काढायला बहुधा आधी थोडं दूर जावं लागतं.

शास्त्रही होतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पर्वत कसा दाखवावा, रान कसं दाखवावं, रात्र कशी दाखवावी याचे नियम दिले आहेत. पर्वत दाखवायचा तर शिळा, शिखरं, धातू, झाडं, झरे आणि साप दाखवावेत. ऋतूंसाठीही असेच संकेत आहेत. पुढे राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांतल्या बारामासांनी ऋतूच विषय केला.

आणि युरोपात तरी हा प्रकार अनादी काळापासून होता का? नाही. तिथेही माणूस नसलेलं, केवळ झाडं-डोंगर-आकाशाचं रंगचित्र सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दिसू लागतं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर त्यातला एक आद्य. चीनमध्ये मात्र फान क्वान या चित्रकाराने इसवी सन 1000च्या सुमारास रेशमावर असा प्रचंड डोंगर काढला, की त्याच्या पायथ्याचे वाटसरू आणि त्यांची खेचरं शोधावी लागतात. निसर्गचित्र ही युरोपची मक्तेदारी कधीच नव्हती. इंग्रजांनी आणली ती एक विशिष्ट पद्धत : उभं राहण्याची एक जागा, यथार्थदर्शन, कागदावरचे जलरंग आणि काय पाहण्याजोगं आहे याविषयीची त्यांची आवड. हे शेवटचं आपल्याला महागात पडलं.

गैरसमज : जुन्या इंग्रजी चित्रांत त्या काळचा देश जसाच्या तसा दिसतो.

विल्यम हॉजेस 1780 ते 1783 या काळात भारतात होता. त्याच्यामागून थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 मध्ये कोलकात्याला उतरले, सात वर्षं हिंडले आणि नंतर 'ओरिएंटल सीनरी' या नावाने त्यांनी 144 छापचित्रं काढली. कॅमेरा ऑब्स्क्युरा या यंत्राच्या मदतीने ते बाह्यरेषा अचूक टिपत, म्हणून ही चित्रं पुराव्यासारखी मानली जातात. इमारतींच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी तशी आहेतही. पण समोर कोणतं झाड ठेवायचं, सावली कुठे टाकायची, माणसं कुठे बसवायची, हे त्या काळच्या इंग्रजी अभिरुचीने ठरवलेलं होतं. तिला उंच-सखल जमीन हवी, पडका किल्ला किंवा मंदिर हवं, दरी हवी, एका बाजूला वाकलेला वृक्ष हवा.

या अभिरुचीत वऱ्हाड बसत नव्हता, आणि राजकीयदृष्ट्याही तो वाटेवर नव्हता. प्रदेश निजामाचा होता, त्यात नागपूरकर भोसल्यांचा वाटा होता. डॅनियलांचे सगळे मार्ग त्याला वळसा घालून गेले. 1803च्या नोव्हेंबरात तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर लढाया झाल्या तेव्हा इंग्रजांच्या कागदपत्रांत हा मुलूख ठळकपणे आला, पण तो फौजेच्या नजरेने : तट कुठे आहे, तोफ कुठून चढवता येईल. निवांत बसून पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहण्याचं कारण त्यांना नव्हतं.

याच काळात एक मराठी माणूस हे नवं तंत्र शिकत होता, त्याचं नाव आपल्याला पाठ असायला हवं. गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याच्या शनिवारवाड्यात, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली चित्रशाळा निघाली. गंगाराम तिथला. वेरूळ आणि कार्ल्याच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटनं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. डोंगराच्या कुशीतलं लेणं, त्याच्या भोवतालचा कडा, समोरची मोकळी जागा हे सगळं तो मोजून-मापून काढतो. विषय लेणी असली, तरी एक जागा एका ठिकाणाहून जशी दिसते तशी काढण्याची मराठी सुरुवात इथे आहे.

वऱ्हाडाच्या वाट्याला शेवटी आला तो रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत राहिला. 1866च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या नकला जळाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, त्यांत पेस्तनजी बोमनजी हेही होते, यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. गिल तोवर 1879 मध्ये वारला होता. त्याची कबर भुसावळला आहे.

गैरसमज : कॅमेरा आला आणि निसर्गचित्राची गरज संपली.

गिलनेच याला उत्तर दिलं आहे. 1850च्या दशकापासून त्याने कॅमेरा हाती घेतला आणि 1860च्या दशकात लोणारच्या मंदिरांची छायाचित्रं काढली. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार कॅमेऱ्याने पाहिलं ते इतकं लवकर. पण ब्रश त्याने सोडला नाही. पॅरिसमध्येही तेच झालं. 1874 साली इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' तिथेच लोकांसमोर आलं, आणि ती जागा होती नादार या नामांकित छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ. बाहेर बसून तैलरंगात काम करणं त्यांना सोपं झालं, त्यामागे 1841 मध्ये जॉन रँड याने पेटंट घेतलेली रंगाची पत्र्याची ट्यूब होती. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून न्यावे लागत. फोटोग्राफीने निसर्गचित्राला मारलं नाही, तिने त्याला हुबेहूबपणाच्या ओझ्यातून सोडवलं.

गैरसमज : निसर्गचित्र हा शिकाऊंचा, हलका प्रकार. खरा चित्रकार माणसं रंगवतो.

हा समज फ्रान्सच्या अकादमीतून जगभर गेला. 1667 मध्ये आंद्रे फेलिबियाँ याने चित्रप्रकारांची उतरंड लिहून ठेवली : सगळ्यांत वर इतिहास आणि पुराणकथा, मग व्यक्तिचित्र, त्याखाली प्राणी आणि निसर्ग, तळाला फळं-फुलं-भांडी. दीडशे वर्षं ती चालली. मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकातल्या या सगळ्या सामानासकट. संस्थानिक आणि व्यापारी पैसे देत ते व्यक्तिचित्राला आणि पुराणप्रसंगाला. 1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांनी मात्र निसर्गचित्राला भिंत दिली.

या काळातला जो चित्रकार मला सर्वांत मोठा वाटतो, तो कोल्हापूरचा आबालाल रहिमान. जे. जे.त शिकून, मानसन्मान मिळवून तो मुंबईत थांबला नाही. गावी परतला. शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केलं, तरी त्याचा जीव रमला तो रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेच्या काठी. त्याच त्या पाण्याकडे, त्याच त्या झाडांकडे तो वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा परत जात राहिला. 1931 मध्ये तो गेला. आपलं गाव आयुष्यभर रंगवणं पुरेसं असतं, हे त्याने करून दाखवलं.

सोपेपणाचं म्हणाल, तर वऱ्हाडच्या उन्हात स्पॉटवर बसून जलरंगाचा एक सपाट वॉश देऊन पाहा. कोकणातल्या पावसाळी हवेत वॉश वाळता वाळत नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि कागदाच्या वरच्या कडेला सुरू केलेला वॉश खालच्या कडेपर्यंत पोहोचायच्या आत वर वाळून त्याची कडक रेघ उमटते. म्हणून इथे काम करणारे सकाळी लवकर बसतात, कागद मागूनही भिजवून घेतात, पाण्यात ग्लिसरिनचे थेंब टाकतात. व्यक्तिचित्राचा माणूस दोन तास बसून राहतो. सावली तेवढा वेळ थांबत नाही.

गैरसमज : आधुनिक चित्रकारांनी निसर्गचित्र मागे टाकलं.

सय्यद हैदर रझा 1922 मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात, बाबरिया गावी जन्मले. वडील वन खात्यात होते. हा मुलूख तेव्हा वऱ्हाडाबरोबर एकाच प्रांतात मोडत होता. 1939 ते 1943 रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे. जे.त. चाळीसच्या दशकातली त्यांची मुंबईच्या रस्त्यांची आणि पावसाची जलरंगातली चित्रं ही सरळसरळ निसर्गचित्रं आहेत. 1950 मध्ये फ्रान्सला गेल्यावर तिथली गावं, चर्चं, टेकड्या आल्या. हळूहळू आकार विरघळले, रंग उरला आणि शेवटी बिंदू. लोक म्हणतात, रझांनी निसर्ग सोडला. मला तसं दिसत नाही. 1983च्या त्यांच्या चित्राचं नाव 'सौराष्ट्र' आहे. चित्रात ओळखीचं झाड नाही, पण माती आणि ऊन आहे. लहानपणच्या जंगलातला अंधार ते म्हातारपणापर्यंत रंगवत होते.

गैरसमज : निसर्गचित्राला डोंगर, समुद्र, धबधबा हवा. सपाट वऱ्हाडात रंगवण्यासारखं काहीच नाही.

हा सगळ्यांत खोल रुतलेला आणि सगळ्यांत नुकसान करणारा समज. यामुळे अमरावतीचा विद्यार्थी बोर्ड आणि रंगपेटी घेऊन चिखलदऱ्याला जातो, आणि जाताना अचलपूर-परतवाड्यापर्यंतचा सगळा रस्ता झोपेत काढतो.

युरोपात निसर्गचित्राला पहिल्यांदा घराघरांत स्थान मिळालं ते सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये. त्या देशात डोंगर नाही. याकोब फान राउसडालने 1670च्या सुमारास हार्लेम शहराची जी चित्रं काढली, त्यांत जमीन जेमतेम एक तृतीयांश आहे. उरलेलं सगळं आकाश, ढगांनी भरलेलं. ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकतात आणि मधल्या उजेडाच्या पट्ट्यात पांढरं करण्यासाठी पसरलेलं लिननचं कापड दिसतं. यान फान खोयनने तर नुसत्या तपकिरी-करड्या रंगांत सपाट नदीकाठ काढले. त्यांना डोंगर मिळाला नाही म्हणून त्यांनी आकाशाचा अभ्यास केला. पुढे इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबलने गिरणी, कालवा, गाडीवाट हेच विषय आयुष्यभर घेतले आणि 1821-22 मध्ये ढगांची कितीतरी टिपणं करून त्यांच्यामागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला.

आता पूर्णेचं खोरं पाहा. उत्तरेला गाविलगडाची रांग, दक्षिणेला अजिंठ्याची, मध्ये काळी जमीन. खारपाणपट्ट्यात भूजल खारं, त्यामुळे विहिरीवरची बागायत कमी, झाडं विरळ आणि क्षितिज मोकळं. दर्यापूरकडे किंवा मूर्तिजापूरकडे उभं राहिलं की नजरेला अडवायला काही नसतं. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, की तेच क्षितिज बंद होतं आणि सावल्या गर्द होतात. एकाच जिल्ह्यात जमीन इतकी बदलते.

आणि महिन्यामहिन्याला बदलते. जूनमध्ये वखरलेलं ओलं वावर जवळजवळ निळं दिसतं. ते काळ्या ट्यूबने रंगवलं तर मेलेलं वाटतं. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून बघा, मग त्यातली ऊब येते. श्रावणात डवरणी झालेल्या पिकाच्या ओळी क्षितिजाकडे धावत जातात. यथार्थदर्शन शिकवायला याहून चांगला धडा पुस्तकात नाही. दिवाळीच्या आसपास बोंडं फुटतात आणि वावर पांढरं होतं. राउसडालच्या कापडाचा पट्टा आठवतो तो इथे. तूर पिवळ्या फुलांवर येते. फाल्गुनात धुऱ्यावरचे पळस पेटतात. उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटलेल्या जमिनीला भेगा पडतात आणि तिचा रंग राखेसारखा होतो. पांधणीतली धूळ संध्याकाळच्या उजेडात उठते तेव्हा दूरची झाडं फिकट होत जातात. हवेतली ही खोली दाखवायला बाकीचे चित्रकार आयुष्य घालवतात.

माणसाने उभ्या केलेल्या वस्तूही आहेत. बाळापूरला नदीकाठची मिर्झाराजे जयसिंहांची छत्री. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे मूर्तिजापूर-अचलपूर वाटेवरचे ओस फलाट. जिनिंगच्या पत्र्याच्या शेड आणि समोर रचलेला कापूस. नरनाळ्याचा तट अकोटच्या बाजूने पाहिला तर तो डोंगराचाच भाग वाटतो.

चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. यंदा पावसाळा सुरू झाला की मुलांना शाळेच्या कुंपणाबाहेर, जवळच्या वावराच्या धुऱ्यावर न्या. कागद आडवा धरायला सांगा, क्षितिजाची रेघ खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मारायला सांगा, वर दिसेल ते आकाश काढू द्या. चित्राच्या मागे गावाचं नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्या. असं महिन्यातून एकदा, वर्षभर, त्याच जागी. चित्रं चांगली येतील की नाही याची काळजी करू नका, पण ती रद्दीत टाकू नका. शाळेत जपून ठेवा. वऱ्हाडच्या एका जागेचं वर्षभराचं आकाश तुमच्याकडे जमा झालेलं असेल.